दिवसाचा हुकूम, रात्रीचा हुकूम

न्यायमूर्ती रानडे यांच्या पुढाकाराने १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. तेव्हापासून उन्हाळ्याच्या संध्याकाळी गावातील मंडळींनी एकत्र बसावे आणि जाणत्या माणसाकडून दोन गोष्टी ऐकाव्या, ही चाल आपल्याकडे रूढ झाली. या व्यासपीठावर इतिहास म्हटला की राजे, लढाया आणि तह यांची आठवण होते. आम्ही ज्या इतिहासाविषयी बोलणार आहोत त्यात राजा नाही आणि तहही नाही. माणसाने यंत्राला हुकूम कसा द्यावा, आणि तोच हुकूम दिवसा एक व रात्री दुसरे काम का करतो, एवढाच त्याचा विषय आहे.

आम्ही कन्हेरीचे. शाळा सातवीपर्यंत झाली. पुढचे शिक्षण कारखान्याच्या फाटकासमोर, संघटनेच्या कचेरीत आणि वाचनालयाच्या बाकावर झाले. संगणकशास्त्राचे पंडित आम्ही नव्हे. परंतु काही वर्षांपूर्वी एका मुलाची नोकरी आणि अब्रू दोन्ही पणाला लागली, आणि ती वाचविण्यासाठी हा इतिहास शिकणे आम्हाला भाग पडले. तेव्हा आधी ते प्रकरण सांगतो.

एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात हा मुलगा कंत्राटी पगारावर संगणकाचे काम करी. कारखान्याचे आणि मुलाचे नाव येथे घेण्याचे कारण नाही. महिनाअखेरीस हजेरीची फाईल घ्यायची, तिच्यावरून प्रत्येकाचा पगार काढायचा आणि बँकेकडे पाठवायची यादी तयार करायची, हे त्याचे काम. रोज तेच तेच हुकूम टाइप करण्याचा कंटाळा येतो, म्हणून त्याने ते सारे हुकूम क्रमाने एका फाईलीत लिहून ठेवले होते. अशा फाईलीला शेल स्क्रिप्ट म्हणतात. कित्येक महिने तो ही स्क्रिप्ट स्वतःच्या हाताने चालवी आणि यादी बिनचूक निघे. पुढे साहेबांनी सांगितले की यासाठी संध्याकाळी थांबत जाऊ नकोस, रात्री दोन वाजता ती आपोआप चालेल अशी तजवीज कर. त्याने तशी तजवीज केली.

पहिल्याच महिन्यात घोटाळा झाला. नव्याने लागलेल्या चौदा कामगारांना पगार मिळाला नाही, आणि काम सोडून गेलेल्या काही जणांच्या खात्यात पैसे जमा झाले. चौकशी बसली. अधिकाऱ्यांनी मुलाला सांगितले, 'आमच्यासमोर चालवून दाखव.' त्याने चालविली. यादी पैशापर्यंत बरोबर. पुन्हा चालविली, पुन्हा बरोबर. आणि हीच गोष्ट त्याच्या अंगाशी आली. स्क्रिप्ट बरोबर आहे, यंत्र बरोबर आहे, तर मग चुकला कोण? रात्री कोणीतरी फाईल बदलली असली पाहिजे, आणि फाईलीला हात लावणारा हा एकटाच! जाणूनबुजून फेरफार केल्याचे आरोपपत्र त्याच्या हाती पडले.

दुसऱ्या दिवशी त्याची आई संघटनेच्या कचेरीत आली. म्हणाली, 'तात्या, माझ्या पोरानं एक पैसा घरात आनलेला न्हाई. मग त्याला चोर कसं म्हनायचं?' या प्रश्नाला आमच्यापाशी त्या दिवशी उत्तर नव्हते. 'यंत्र खोटे बोलत नाही,' असे अधिकारी म्हणत होते. आम्हाला एवढेच वाटत होते की यंत्र खोटे बोलत नसेल; परंतु त्याला कोठे उभे करून विचारले, हे कोणी पाहिलेले नाही.

कवच हे नाव कोठून आले

शेल या शब्दाचा अर्थ कवच किंवा शिंपला. संगणकाच्या पोटात जी मूळ व्यवस्था चालते तिच्याशी माणसाला थेट बोलता येत नाही. मधे एक दुभाषी लागतो. आपण पडद्यावर एक ओळ टाइप करतो, दुभाषी ती वाचतो, तिचा अर्थ लावतो आणि आत निरोप पोहोचवितो. या दुभाष्याला शेल म्हणतात.

१९६१ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत एकाच यंत्रावर अनेकांना एकाच वेळी काम करता येईल अशी व्यवस्था फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविली. तेथे लुई पूझाँ नावाचा एक फ्रेंच गृहस्थ काम करीत होता. तेच तेच हुकूम पुन्हा पुन्हा टाइप करणे त्याला नको झाले, म्हणून त्याने हुकुमांची यादी फाईलीत लिहून ती एकदम चालविण्याची युक्ती १९६४ च्या सुमारास काढली. तिचे नाव रनकॉम, म्हणजे 'हुकूम चालव'. शेल हा शब्दही त्याचाच. म्हणजे आमच्या टाइम ऑफिसातील मुलाला आला तोच कंटाळा या शोधाच्या मुळाशी होता. रनकॉममधील 'आर' आणि 'सी' ही दोन अक्षरे अद्याप जिवंत आहेत. वापरणाऱ्याच्या सोयीगैरसोयी ज्या फाईलीत लिहून ठेवतात तिच्या नावाच्या शेवटी ती येतात. बॅश नावाच्या शेलची अशी फाईल म्हणजे 'बॅशआरसी'. हे नाव ध्यानात ठेवावे. पुढे त्याचे काम आहे.

१९६९ साली न्यू जर्सीतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स या व्यवस्थेचा पाया घातला. तिची पहिली छापील मार्गदर्शिका नोव्हेंबर १९७१ ची आहे. थॉम्प्सनने लिहिलेला पहिला शेल साधा होता. हुकुमाचे नाव ऐकले की तो ठराविक दोनतीन जागी ते शोधी; सापडले तर चालवी, नाहीतर नाही म्हणे. सर्वांसाठी जागा त्याच, म्हणून सर्वांना उत्तरही तेच मिळे.

वारसा

खरा बदल झाला तो माणसे वाढल्यामुळे. सत्तरीच्या दशकाच्या मध्यास बेल प्रयोगशाळेतच जॉन मॅशी आणि त्यांचे सहकारी मोठ्या संख्येने काम करणाऱ्या प्रोग्रामरांसाठी युनिक्स तयार करीत होते. प्रत्येक तुकडीची आपापली हत्यारे होती. तेव्हा हत्यार कोठे शोधायचे हे शेलमध्ये कायमचे कोरून ठेवून भागेना. ज्याचा त्याला मार्ग ठरविता आला पाहिजे, असे ठरले. यातून 'पाथ' म्हणजे शोधमार्ग ही कल्पना आली. १९७९ च्या आरंभी युनिक्सची सातवी आवृत्ती निघाली. तिच्यात स्टीव्हन बोर्न यांचा शेल होता, आणि शोधमार्गाला 'एन्व्हायर्नमेंट' या व्यवस्थेत स्थान मिळाले. आम्ही त्या व्यवस्थेला परिस्थिती म्हणू.

ही परिस्थिती म्हणजे नावे आणि त्यांचे अर्थ यांची एक चिठ्ठी असते. शोधमार्ग कोणता, घर कोणते, भाषा कोणती, शेल कोणता, हे तिच्यात लिहिलेले असते. युनिक्समध्ये प्रत्येक काम दुसऱ्या कामाच्या पोटी जन्माला येते, आणि बापाच्या चिठ्ठीची नक्कल मुलाला मिळते. मुलाने आपल्या नकलेत काही बदलले तरी बापाच्या चिठ्ठीत फरक पडत नाही. वारसा वरून खाली जातो, खालून वर येत नाही. आमच्या प्रकरणाची किल्ली याच नियमात होती. स्क्रिप्ट तीच असली तरी तिचा बाप कोण, यावर तिची चिठ्ठी अवलंबून असते.

माणूस टर्मिनलवर बसतो तेव्हा त्याच्या नावाने शेल सुरू होतो. तो आरंभी 'प्रोफाइल' आणि 'बॅशआरसी' यांसारख्या फाईली वाचतो. वर्षानुवर्षे माणसाने त्यांत आपल्या सोयी भरलेल्या असतात: नवे शोधमार्ग, लांब हुकुमांची छोटी टोपणनावे, आवडीची भाषा. हळूहळू माणूस हे विसरतो. ज्याप्रमाणे आपल्या घरात अंधारात हात घातला तरी काडेपेटी सापडते, त्याप्रमाणे त्याला सारे सापडत जाते, आणि ही माझी सोय आहे, यंत्राचा स्वभाव नव्हे, याचे त्याला भान राहत नाही. स्क्रिप्ट मात्र या घरात चालेलच असे नाही. बॅश हा शेल स्क्रिप्ट चालविताना 'बॅशआरसी' वाचत नाही, आणि टोपणनावेही ओळखत नाही. जुन्या काळी पत्राच्या शेवटी 'बाकी वर्तमान मुखजबानी कळेल' असे लिहीत आणि उरलेले जासूद तोंडी सांगे. स्क्रिप्टबरोबर असा जासूद जात नाही.

रात्रपाळीचा जमादार

आमच्या तालुक्यातून नीरेचा डावा कालवा जातो. कालव्याच्या पाण्यावर वाढलेल्या माणसाला पाळी म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. कोणत्या शेताला कोणत्या दिवशी किती तास पाणी, हे शेजपाळीच्या कागदावर लिहिलेले असते, आणि पाटकरी त्याप्रमाणे दार उघडतो. नेहमीचा पाटकरी कागदावर नुसते 'तिसरे दार' लिहिलेले पाहून बरोबर जागी जातो, कारण मोजणी कोठून सुरू करायची हे त्याच्या अंगवळणी पडलेले असते. रजेच्या बदलीवर दुसऱ्या चारीवरचा माणूस आला तर तोही तिसरेच दार उघडतो. परंतु तो मोजायला दुसऱ्या टोकापासून सुरुवात करतो. हुकूम दोघांनीही पाळला. पाणी मात्र भलत्याच शेतात गेले.

युनिक्समधील बदली पाटकऱ्याचे नाव क्रॉन. हे नाव काळ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आले आहे. १९७९ च्या सातव्या आवृत्तीत तो होता. त्याच्यापाशी एक वही असते: अमुक मिनिटाला, अमुक तासाला, अमुक तारखेला अमुक हुकूम चालव. आरंभी सर्व यंत्राला मिळून एकच वही होती. पुढे प्रत्येक वापरणाऱ्याला आपापली वही मिळाली. १९८७ साली पॉल व्हिक्सी यांनी लिहिलेला क्रॉन पुढे फार पसरला, आणि त्याचे वंशज आजही असंख्य यंत्रांवर चालतात.

हा जमादार इमानी आहे, पण गरीब आहे. तो तुमच्या नावाने काम करतो; तुमच्या टर्मिनलवर मात्र बसत नाही. तुमचे 'प्रोफाइल' तो वाचत नाही आणि 'बॅशआरसी'ही वाचत नाही. व्हिक्सीच्या क्रॉनने मुलाला दिलेली चिठ्ठी चारपाच ओळींची असते: घर कोणते, नाव काय, शेल कोणता, आणि शोधमार्ग म्हणून दोनच ठराविक फोल्डर. तुम्ही स्वतः बसविलेले हत्यार तिसऱ्या फोल्डरात असेल तर दिवसा ते सापडते आणि रात्री 'असा हुकूम नाही' असे उत्तर मिळते. शिवाय क्रॉन कामाला सुरुवात करतो ती तुमच्या घरच्या फोल्डरातून. दिवसा तुम्ही ज्या फोल्डरात उभे असता तेथून नव्हे. त्याच्या वहीत टक्क्याचे चिन्ह आले तर तो त्याचा अर्थ नवी ओळ असा करतो. तारीख लिहिण्याच्या हुकुमात हे चिन्ह हमखास येते, आणि टर्मिनलवर चाललेला हुकूम वहीत गेल्यावर अर्धाच राहतो. आपली तक्रार तो करीत नाही असेही नाही. कामातून जे काही बाहेर आले ते तो यंत्रातल्या यंत्रात टपालाने मालकाला पाठवितो. पुष्कळ ठिकाणी ही टपालपेटी कोणी उघडलेली नसते.

पाटी तीच, दुकानदार दुसरा

परिस्थितीप्रमाणे दुभाषीही बदलत गेले. १९७८ साली बर्कले येथे बिल जॉय यांचा सी शेल आला. १९८३ साली डेव्हिड कॉर्न यांचा शेल प्रसिद्ध झाला. १९८९ साली ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला बॅश निघाला. प्रत्येकाने मूळ भाषेत आपली भर घातली. हा गोंधळ आवरण्यासाठी १९९२ साली पॉसिक्स या नावाने शेलच्या भाषेचे प्रमाण ठरविण्यात आले. आपल्याकडे प्रमाण मराठी आणि बोली असा जो भेद आहे तसाच हा समजावा.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत ती कोणत्या शेलने वाचावी हे लिहिण्याची सोय डेनिस रिची यांनी १९८० साली केली. पण पुष्कळ जण त्या ओळीत नुसते 'एसएच' असे सामान्य नाव लिहीत. लिनक्सच्या अनेक यंत्रांवर या नावामागे प्रत्यक्षात बॅश बसलेला असे, त्यामुळे बॅशच्या बोलीत लिहिलेले सारे खपून जाई. ऑक्टोबर २००६ मध्ये उबुंटू या लोकप्रिय लिनक्सने यंत्र लवकर सुरू व्हावे म्हणून त्या नावामागे डॅश नावाचा आटोपशीर शेल बसविला. २०११ साली डेबियननेही तेच केले. डॅशला मुख्यत्वे प्रमाणभाषाच कळते. पाटी तीच राहिली, आत दुकानदार बदलला, आणि वर्षानुवर्षे चाललेल्या स्क्रिप्टा ठेचकाळू लागल्या. माणूस तोच हुकूम टर्मिनलवर हाताने टाइप करी तेव्हा तो चाले, कारण तेथे अद्याप बॅशच बसलेला होता. क्रॉनच्या वहीतला हुकूमही मुळात याच 'एसएच'कडे जातो, हेही येथे लक्षात घेतले पाहिजे.

टायपिंगचे वर्ग केलेल्या मंडळींना आणखी एक गंमत कळेल. जुन्या टेलिप्रिंटरवर ओळ संपली की दोन क्रिया होत: गाडा डावीकडे न्यायचा आणि कागद एक ओळ वर सरकवायचा. युनिक्सने यांतली दुसरी खूण तेवढी ठेवली. डॉस आणि पुढे विंडोज यांनी दोन्ही ठेवल्या. त्यामुळे विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर नेली की प्रत्येक ओळीच्या शेवटी एक न दिसणारे अक्षर चिकटलेले असते. हातांनी टाइप केलेली ओळ चालते, फाईलीतली चालत नाही, आणि डोळ्यांना दोन्ही सारख्याच दिसतात.

आपल्या भाषेशी निगडित असाही एक फरक आहे. परिस्थितीच्या चिठ्ठीत भाषेची नोंद नसेल तर यंत्र नावांचा क्रम अक्षरांच्या अंतर्गत क्रमांकाने लावते. त्या क्रमांकांत ळ हे अक्षर ल आणि व यांच्यामध्ये बसविलेले आहे. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह नंतर. म्हणजे यंत्राच्या क्रमात काळे हे नाव काशीदच्या आधी येते, आपल्या क्रमात नंतर. दिवसा एका क्रमाने लावलेली यादी रात्री दुसऱ्या क्रमाने लावलेल्या यादीशी जुळविण्याचा हुकूम दिला, तर मधलीच नावे गळू शकतात. यंत्राने कोणाचा द्वेष केलेला नसतो. पण पगार चुकतो तो काळ्यांचा.

संघटनांनी विचारलेला प्रश्न आणि न विचारलेला प्रश्न

यंत्र आणि कामगार हा वाद आपल्याकडे जुना आहे. साठीच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी कलकत्त्याच्या इलॅको हाउससमोर पहारा ठेवून संगणक बसविण्यास विरोध केला. सप्टेंबर १९८३ मध्ये बँकांची व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाविषयी करार झाला. १९८४ साली डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीचा अहवाल आला, आणि त्यानंतरच्या वर्षांत युनिक्सवर चालणारी यंत्रे बँकांत आली. इकडे पुण्यात १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली आणि १९९१ साली तिने परम ८००० हा महासंगणक तयार केला.

त्या काळी संघटनांनी एक प्रश्न विचारला: यंत्र आले तर किती माणसे जातील? प्रश्न रास्त होता आणि तो विचारणाऱ्यांना मागासलेले म्हणणे अन्यायाचे आहे. परंतु दुसरा एक प्रश्न आम्ही पुरेसा विचारला नाही. यंत्र आल्यावर त्याच्या हातून चूक झाली तर आरोपपत्र कोणाच्या नावाने निघेल? आमच्या टाइम ऑफिसातील मुलाच्या रूपाने तो प्रश्न आमच्या दारात येऊन उभा राहिला, आणि त्याची तयारी आमची झालेली नव्हती.

दोन कागद

चौकशीच्या तारखेला पंधरा दिवस अवकाश होता. मुंबईच्या आय.आय.टी.ने स्पोकन ट्युटोरिअल या नावाने लिनक्स आणि बॅश यांचे पाठ मराठीतून उपलब्ध केले आहेत. ते आम्ही आणि तो मुलगा रात्री बसून ऐकत गेलो. जे कळले नाही ते त्याने आम्हाला समजावून दिले. वर सांगितलेला बहुतेक इतिहास आम्ही त्या पंधरा रात्रींत शिकलो. चौकशीत आम्ही एकच मागणी केली. दिवसा स्क्रिप्ट चालवून पाहणे बंद करा. ज्याने रात्री चालविली त्याच क्रॉनकडून, त्याच वाटेने, आमच्या सर्वांच्या देखत ती चालवा.

साहेब म्हणाले, 'अहो तात्या, हुकूम तोच आहे. दिवस काय आणि रात्र काय!' आम्ही म्हटले, 'तोच असेल तर साहेब, आपले काही बिघडत नाही.' हे त्यांना पटले.

त्या मुलाने स्क्रिप्टच्या आरंभी दोन हुकूम घातले. एक, तू कोणत्या फोल्डरात उभा आहेस ते लिही. दुसरा, तुला वारशाने मिळालेली चिठ्ठी सगळी उतरवून काढ. प्रथम टर्मिनलवरून स्क्रिप्ट चालविली आणि तिने लिहिलेले छापून घेतले. दीड पान भरले. मग वहीत पाच मिनिटांनंतरची वेळ घातली आणि सगळे घड्याळाकडे पाहत बसलो. क्रॉनने लिहिलेला कागद छापला तो पाचसहा ओळींचा निघाला. दोन्ही कागद टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. दिवसाच्या कागदावर पहिल्या ओळीत पगाराच्या कामाचे फोल्डर होते. क्रॉनच्या कागदावर त्या मुलाच्या घरचे फोल्डर होते.

स्क्रिप्टमध्ये लिहिले होते: 'हजेरी' नावाची फाईल घे. कोठली, ते लिहिलेले नव्हते. दिवसा तो मुलगा आधी कामाच्या फोल्डरात जाई आणि मग स्क्रिप्ट चालवी, त्यामुळे कोठली हे विचारण्याची वेळच येत नसे. घरच्या फोल्डरात फाईल नसती तर क्रॉनने तक्रार करून काम सोडले असते आणि कोणाचे नुकसान झाले नसते. परंतु पूर्वी कधीतरी परीक्षा पाहण्यासाठी घेतलेली, काही महिन्यांपूर्वीच्या हजेरीची एक नक्कल तेथे पडून होती. नाव तेच. क्रॉनने ती उचलली, तिच्यावरून इमाने इतबारे पगार काढले आणि वर चालू महिन्याची तारीख घातली. नवे चौदा जण त्या हजेरीत नव्हतेच, आणि सोडून गेलेले होते.

खोलीत काही वेळ कोणी बोलले नाही. मुलगा त्या दोन कागदांकडे पाहत राहिला. आपण चोरी केली नाही हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होते. पण आपल्या हातून नेमके काय झाले हे त्यालाही त्या क्षणी प्रथमच कळले.

आरोपपत्र मागे घेण्यात आले. त्या चौदा जणांना पगार मिळाला, पण तोपर्यंत तीन आठवडे उलटले होते आणि त्यांतील काहींनी व्याजाने पैसे काढले होते. ते व्याज कोणी भरून दिले नाही. मुलाला निष्काळजीपणाबद्दल ताकीद मिळाली. ही ताकीद अगदीच निराधार होती असे आम्ही म्हणणार नाही. तथापि जुनी फाईल पडून राहते, पगाराची यादी दुसऱ्या कोणी तपासल्याशिवाय बँकेत जाते, या गोष्टींची ताकीद एकट्या कंत्राटी पोराला मिळावी, आणि ही पद्धत चालू देणाऱ्यांना मिळू नये, हे आम्हाला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

शिकायचे ते काय

या विद्येत मुरलेले लोक अशा वेळी काय करतात ते थोडक्यात सांगतो. आपल्यापैकी अनेकांची मुले या धंद्यात आहेत, त्यांना ते उपयोगी पडेल. ते स्क्रिप्टच्या आरंभी कामाच्या फोल्डरात जाण्याचा हुकूम लिहितात, आणि तेथे जाता आले नाही तर पुढे काहीच करू नये असेही लिहितात. फाईल आणि हत्यार यांचा पत्ता मुळापासून पूर्ण देतात. शोधमार्ग आणि भाषा स्क्रिप्टमध्येच नोंदवितात. कोणता शेल हवा ते पहिल्या ओळीत स्पष्ट करतात आणि त्याच शेलच्या बोलीत लिहितात. जे काही घडेल ते तारखेसह एका फाईलीत नोंदले जाईल अशी सोय ठेवतात. दिवसाढवळ्याच रिकामी चिठ्ठी देऊन स्क्रिप्ट चालवून पाहतात, म्हणजे रात्री काय होईल ते आधी कळते. आणि तरीही बिघडलेच, तर स्क्रिप्टकडे टक लावून बसण्याऐवजी दोन परिस्थितींचे दोन कागद काढून ते ओळीने ताडून पाहतात.

आमच्या चळवळीला यातली मुख्य गोष्ट नवी वाटू नये. १९४६ साली स्थायी आदेशांचा कायदा झाला. त्यापूर्वी कित्येक कारखान्यांत नोकरीच्या अटी मालकाच्या तोंडी असत. रजा किती, पाळी कोणती, कामावरून कमी कधी करता येईल, हे ज्याला विचारावे तो आपापल्या परीने सांगे, आणि मुकादम बदलला की अट बदले. कायद्याने सांगितले की या अटी लिहून काढा, मंजूर करून घ्या आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही फाटकाजवळ फळ्यावर लावा. २०२० साली संमत झालेल्या औद्योगिक संबंध संहितेत या कायद्याचाही समावेश झाला. गृहीत धरलेले लिहून काढावे, म्हणजे गैरहजर माणसावरही अन्याय होत नाही, हे त्यातले तत्त्व. चाळीस वर्षे शेल लिहिणारे लोक हेच दुसऱ्या बाजूने शिकत आले.

त्या प्रकरणानंतरच्या करारात आम्ही एक कलम घालून घेतले. यंत्राच्या चुकीवरून कामगारावर आरोप ठेवण्यापूर्वी, ती चूक ज्या परिस्थितीत घडली त्याच परिस्थितीत ते काम संघटनेच्या प्रतिनिधीसमक्ष पुन्हा करून पाहिले जाईल. कलम तीन ओळींचे आहे. ते करारात घालायला आम्हाला चार बैठका लागल्या. ते दोन कागद अजून आमच्या कचेरीच्या कपाटात आहेत, आणि नव्या पोरांना आम्ही ते काढून दाखवितो.